साबूचे केस: एका रंगपंचमीपासून दुसऱ्या रंगपंचमीपर्यंत

आमच्या साबू या कुत्र्याचे नाव इंदुरातल्या सराफा बाजारातल्या साबुदाण्याच्या खिचडीवरून पडले, कारण घरी आणला तेव्हा तो तितकाच पांढरा होता आणि कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. आता तो पाच वर्षांचा आहे. गल्लीत त्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, पण आपल्याकडे ज्यांना सरसकट पॉमेरियन म्हटले जाते ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, आणि साबूही तसाच आहे. मागच्या वर्षी त्याच्या अंगावरचे केस मशीनने अगदी बारीक कापावे लागले. कापायला चाळीस मिनिटे लागली आणि ते परत यायला जवळजवळ वर्ष गेले. त्या वर्षभरात मी एका वहीत तारखा, खर्च आणि डॉक्टरांच्या सूचना लिहून ठेवत होते; पुढचे सगळे त्या वहीवरून लिहिले आहे.

शनिवार, ३० मार्च २०२४ रोजी रंगपंचमी होती. इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा थाट मोठा. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, पाण्याच्या तोफांनी वरच्या मजल्यांपर्यंत रंग उडतो, आणि सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीतही त्या दिवशी कोरडे कोणी राहत नाही. दूधवाल्यासाठी फाटक उघडले तेवढ्यात साबू बाहेर निसटला. अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा पाठीवर हिरवा, पोटाखाली जांभळा आणि स्वतःवर अत्यंत खूष होता. मी त्याला तसाच अंगणात नेऊन नळीखाली धरला, शाम्पू चोळला, आणि रंग गेला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. सगळ्या प्रकरणातली पहिली चूक हीच होती. केसांत आधीपासून असलेला गुंता न सोडवता अंघोळ घातली, की तो भिजून आवळतो आणि वाळल्यावर घट्ट होतो. तिसऱ्या दिवशी कानांमागे, काखेत आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला हात लावला तर केस लागतच नव्हते. घोंगडीचा तुकडा कातड्याला चिकटवून ठेवावा तसे लागत होते. अंघोळीआधी पूर्ण कोरड्या केसांतून कंगवा फिरवायचा, हा नियम तेव्हा मला माहीत नव्हता.

कुत्र्यांच्या सलूनमध्ये ७ एप्रिलच्या रविवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. तिथे एक छापील कागद सहीसाठी पुढे आला. गुंता झालेले केस मशीनने काढताना त्वचा लाल होऊ शकते आणि केस पुन्हा कसे येतील याची दुकान हमी देत नाही, असे त्यात लिहिले होते. कुरिअरवाल्याच्या कागदावर आपण जशी सही करतो तशी मी ती केली. सलूनमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, गर्मी भी आ रही है, पूरा निकाल देते हैं, हल्का हो जाएगा." मला ते पटले. आज मागे वळून पाहताना मी त्याला दोष देत नाही, कारण घट्ट जटा झालेल्या जागी मशीनशिवाय इलाज नव्हता, आणि त्या ओढून सोडवणे म्हणजे जनावराचे हाल करणे झाले असते. चूक झाली ती "पूरा" या शब्दाला होकार देण्यात. पाठीवरचे आणि मानेवरचे केस बरेच मोकळे होते. काखा, कानांमागचा भाग आणि मांड्या एवढेच कापून घेऊन बाकीचे विंचरत राहिले असते, तर हा लेख तीन परिच्छेदांत संपला असता. पावतीवर "ब्लेड नंबर १०, पूर्ण अंग" असे लिहून चौदाशे रुपये घेतले. नंबर दहाच्या ब्लेडने कातड्यावर साधारण दीड मिलिमीटरच केस उरतात, हे मला पुढे कळले.

जमिनीवर हिरवट-पांढऱ्या केसांची एक सलग गोधडी पडली होती आणि टेबलावर एक लहानसा, गुलाबी, बारीक पायांचा प्राणी उभा होता, ज्याचे फक्त डोके आणि शेपटी ओळखीची होती. घरी आल्यावर सासूबाई आधी हसल्या, मग त्याला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "असू दे गं. जावळ काढल्यावर मुलांचे केस कसे दाट येतात, तसेच याचेही येतील, बघशील." हे वाक्य मी पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्याकडून, शेजारणींकडून आणि अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला फिरायला जाताना भेटणाऱ्या पूर्ण अनोळखी माणसांकडूनही ऐकले.

पहिले दोन दिवस साबू दिवाणाखालून बाहेर येईना. पंखा लावला तरी अंग चोरायचा, आणि जांघेत सतत चाटत राहायचा. गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. सकाळी गुढी उभी करून, श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवून मी त्याला जवळच्या डॉक्टरांकडे नेले. जांघेत आणि काखेत दोन-दोन बोटे रुंदीचे लाल पट्टे उठले होते. मशीन बराच वेळ चालली की ब्लेड तापते, आणि पातळ कातडीच्या जागी त्याचा चटका बसतो. त्यावर चाटल्याने जखम ओली होते आणि चिघळते, म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू, दिवसातून दोनदा पुसायला औषधी वाइप्स आणि लावायला मलम, असे मिळाले. डॉक्टरांनी कानांची टोके उलटसुलट करून नीट पाहिली. कानांना लोंबणारा जड गुंता अचानक काढला, की कुत्रा डोके जोरजोरात झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते, असे ते म्हणाले. साबूचे कान सुदैवाने ठीक होते. तपासणीचे पाचशे आणि औषधांचे सहाशे चाळीस रुपये झाले.

म्हणून ज्यांच्या घरी असा बारीक कापलेला कुत्रा नुकताच आला असेल, त्यांनी पहिल्या दोन दिवसांत त्याला उताणे करून जांघा, काखा, शेपटीखालची जागा आणि कान उजेडात पाहावेत. घरातले काहीबाही लावू नये. आमच्याकडे लगेच खोबरेल तेलाची बाटली निघाली होती. एकदा मालिश झालेही. साबूने अर्धा तास बसून ते सगळे चाटले, रात्री त्याला जुलाब झाले, आणि अंगावर उरलेल्या तेलावर अंगणातली धूळ बसून तो पिवळसर दिसू लागला. टी ट्री ऑइल तर अजिबात नको. ते कुत्र्यांना विषारी असते.

त्याच भेटीत डॉक्टरांनी मला केसांबद्दल समजावून सांगितले. साबूसारख्या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. आत दाट, कापसासारखी लव असते आणि तिच्यावर लांब, सरळ, थोडे राठ केस असतात. वरचे केस पाणी, ऊन आणि धूळ अडवतात, आतली लव हवा धरून ठेवते. कुत्रा माणसासारखा सर्वांगाने घाम गाळून थंड होत नाही. तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो आणि घाम त्याला पंजांच्या गाद्यांवर थोडासा येतो. त्यामुळे "उन्हाळ्यात स्वेटर काढला" हा हिशेब इथे लागू होत नाही, उलट ऊन थेट कातड्याला लागते. शिवाय सगळ्या कुत्र्यांचे केस सारख्या चालीने वाढत नाहीत. शिह त्झू, ल्हासा किंवा पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे सतत वाढत राहतात, म्हणून त्यांची दर सहा-आठ आठवड्यांनी कटिंग करणे योग्यच. स्पिट्झ जातीच्या कुत्र्यांचे केस एका ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि मग फार मोठा काळ मुळाशी विश्रांती घेत थांबून राहतात. ते त्या विश्रांतीत असताना कापले, तर मूळ पुन्हा जागे होईपर्यंत वाट पाहावी लागते. समोरच्या घरातल्या शिह त्झूची दर दोन महिन्यांनी होणारी टवटवीत कटिंग पाहून मला त्या वर्षी जो मत्सर वाटला, तो मी इथे कबूल करून ठेवते.

एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा उन्हात गेला. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. साबूचे फिरणे सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर असे ठरवले, आणि मधल्या वेळेत तो अंगणात गेला तरी दहा मिनिटांत आत घ्यायचा. गुलाबी कातडी आणि पांढरे केस असलेल्या कुत्र्याला ऊन लवकर भाजते. माणसांचे सनस्क्रीन लावायचा विचार मनात आला होता, पण त्यांपैकी अनेकांत झिंक ऑक्साइड असते आणि ते चाटून पोटात गेले तर कुत्र्याला बाधते, म्हणून त्या वाटेला गेले नाही. मुलाचा जुना सुती बनियन कापून, पुढचे पाय बाह्यांतून काढून, पोटाखाली नाडीने बांधला. दोन बनियन आलटून-पालटून वापरले, रोज धुतले, आणि रात्री अंग मोकळे ठेवले, कारण दमट कापड सतत अंगावर राहिले तर खाज सुटते. कूलरच्या झोतासमोर झोपायची त्याची जुनी सवय मात्र सोडवावी लागली. केस नसताना तो पहाटे कुडकुडत उठायचा.

अंघोळ तीन आठवड्यांनी एकदा, कोमट पाण्याने. आपला शाम्पू नको, कारण माणसाच्या त्वचेपेक्षा कुत्र्याच्या त्वचेची आम्लता कमी असते आणि आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. कुत्र्यांचा शाम्पू मगभर पाण्यात मिसळून लावायचा, औषधी असेल तर बाटलीवर लिहिलेली मिनिटे घड्याळ लावून थांबायचे आणि मग वाटते त्याच्या दुप्पट वेळ धुवायचे. केस आखूड असताना शाम्पू पटकन निघून गेल्यासारखा वाटतो, पण काखेत आणि पोटाखाली राहतो.

केसच नसताना विंचरायचे काय, असे मला वाटत होते. डॉक्टर म्हणाले, रोज पाच मिनिटे मऊ ब्रश फिरवा. मृत कातडी निघेल, नवी लव आली की गुंता बसायच्या आत सुटेल, आणि मुख्य म्हणजे कुत्र्याला हाताची सवय राहील. हे तिसरे कारण मला सर्वांत उपयोगी पडले, कारण मशीनच्या अनुभवानंतर साबू ब्रश पाहिला की पळत असे. पंधरा दिवस मी ब्रश नुसता हातात धरून त्याला शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा देत होते.

जूनअखेर पाऊस सुरू झाला तेव्हा पाय आणि पोट यांवर बोटाच्या पेराएवढे केस आले होते. पाठीवर मात्र नुसती लव आली, मळकट, विरळ आणि कापसाच्या पेळूसारखी. तिच्यावरचे राठ केस आलेच नाहीत. लवच तेवढी वाढली की ती पाणी धरून ठेवते. पावसात पाच मिनिटे फिरून आला तरी तासभर ओला राहायचा. टॉवेलने घासल्यास गाठी पडतात, म्हणून टॉवेल दाबून पाणी टिपायचे आणि मग ड्रायर थंड हवेवर ठेवून वाळवायचे. एक फायदा होता: गोचीड दिसायचे. त्या पावसाळ्यात मी जितके गोचीड वेळेत काढले तितके आधीच्या चार वर्षांत मिळून काढले नसतील.

ऑगस्टच्या सुरुवातीला मुलाने दर महिन्याला एकाच खिडकीपाशी काढलेले फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच आकाराचे रिकामे चट्टे होते आणि तिथली कातडी करडी पडली होती. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते कळले नव्हते. फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढावेत, ही सूचना मी सगळ्यांना करीन. पुढे प्रत्येक डॉक्टरांनी आधी तेच मागितले.

दोन्ही बाजूंना सारखे केस गेले, खाज नाही, कातडी काळवंडली, म्हणजे थायरॉइड पाहायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले. रक्ताचा नमुना उपाशीपोटी, आणि घेण्याचे दिवस फक्त सोमवार व गुरुवार, कारण त्याच दिवशी तो बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. सोमवारी १२ ऑगस्टला आम्ही पोहोचलो तेव्हा सासूबाईंनी "उपाशी कशाला पाठवायचे मुक्या जनावराला" म्हणून पहाटे दूध-पोळी खाऊ घातल्याचे उघड झाले. गुरुवारी १५ ऑगस्ट, सुट्टी. पुढच्या सोमवारी १९ तारखेला राखी, पुन्हा सुट्टी. शेवटी २२ ऑगस्टला नमुना द्यायला गेलो, तर अर्जावर वेगळीच अडचण. लसीच्या पुस्तकात जात "पॉम" लिहिलेली, नगर निगमच्या नोंदणीच्या कागदावर "स्पिट्झ", आणि जन्मतारखेत दोन महिन्यांचा फरक. काउंटरवरच्या गृहस्थांनी दोन्हींपैकी एक पक्के करून आणा म्हटले. डॉक्टरांनी लसीच्या पुस्तकात लाल शाईने दुरुस्ती करून शिक्का मारला तेव्हा काम पुढे सरकले. तुमच्या कुत्र्याचे कागद आजच काढून एकमेकांशी ताडून पाहा. घाईच्या दिवशी ते काम फार जड जाते. तपासण्यांचे एकोणतीसशे रुपये झाले आणि तीन दिवसांनी अहवाल फोनवर आला. थायरॉइड व्यवस्थित होते.

आनंद व्हायला हवा होता, पण मला उलटे वाटले. थायरॉइड असते तर गोळी तरी असती. त्या आठवड्यात मी रोज रात्री साबूच्या कमरेवर मोबाइलचा उजेड पाडून केस मोजल्यासारखे पाहत बसायची. आपण एका सहीने याचे काय करून ठेवले, हा विचार जात नव्हता. नवरा म्हणायचा की साबूला स्वतःला यातले काही कळत नाही, तो मजेत आहे. ते खरे होते, पण त्याने बरे वाटत नव्हते.

डॉक्टरांनी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला सांगितले आणि चिठ्ठी दिली. हे महाविद्यालय १९५५ सालचे, इंदुरातून राऊमार्गे पंचवीसेक किलोमीटरवर. आम्ही मंगळवारी, ३ सप्टेंबरला सकाळी लवकर निघालो. चिठ्ठी, लसीचे पुस्तक, जुने अहवाल, सलूनची पावती, फोटो, पाण्याची बाटली आणि एक जुनी चादर, एवढे बरोबर घेतले. सलूनची पावती मी सहज ठेवली होती, पण ब्लेडचा नंबर आणि तारीख तिच्यावरच होती, आणि तीच सगळ्यांत कामाची निघाली. रांगेत आमच्या पुढे एक म्हैस, दोन बकऱ्या आणि पायाला फडके बांधलेला एक लॅब्राडोर होता. साबूने आयुष्यात प्रथमच म्हैस इतक्या जवळून पाहिली आणि सव्वा तास माझ्या पायांमागून हलला नाही.

तपासणी अशी झाली. खोलीतले दिवे घालवून केसांवर जांभळट दिवा धरला. काही प्रकारची बुरशी त्या उजेडात हिरवी चमकते. काही चमकले नाही, पण तेवढ्याने बुरशी नाही असे ठरत नसल्याने थोडे केस उपटून बुरशीच्या तपासणीसाठी ठेवले. मग कमरेवर दोन ठिकाणी कातडी चिमटीत धरून, बोथट ब्लेडने बारीक रक्त दिसेपर्यंत खरवडून नमुना काचेवर घेतला, कारण केसांच्या मुळाशी राहणारे किडे वरवर खरवडल्याने सापडत नाहीत. साबू एकदाच कुईं करून ओरडला. सूक्ष्मदर्शकाखाली किडे नव्हते. बुरशीच्या अहवालाला तीन आठवडे लागतील, असे सांगितले, आणि २४ सप्टेंबरला तोही निरंक आला.

एकेक कारण बाद होत गेल्यावर जे उरले ते असे, की हे केस कापल्यामुळेच थांबलेले आहेत, आजार नाही. दाट केसांच्या स्पिट्झ जातींत हे घडते. सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. उपाय म्हणजे वाट पाहणे, कातडी जपणे, आणि सारखे दिसावेत म्हणून पुन्हा मशीन अजिबात न लावणे. मेलाटोनिन नावाचे औषध कधीकधी देतात, पण दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून देऊ नका, असे त्यांनी बजावले, कारण काहींत साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना अत्यंत विषारी आहे. आम्ही ते औषध दिले नाही. आहार मात्र बदलला. केस हे जवळजवळ सगळे प्रथिनच असते आणि साबू तोवर दूध-पोळीवर वाढलेला. आता उकडलेले अंडे, चिकन, कुत्र्यांचे खाणे आणि डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेले माशाचे तेल सुरू झाले. रविवारच्या पोह्यांतला त्याचा वाटाही बंद झाला. त्यातला कांदा कुत्र्याला वर्ज्यच असतो, हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, ब्रश फिरवताना कमरेवर बोटाला काहीतरी टोचले. रिकाम्या करड्या कातडीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक झुबका उगवला होता: सरळ, चमकदार, राठ, अगदी जुना साबू. थोड्या अंतरावर दुसरा. त्या नेमक्या खरवडलेल्या दोन जागा होत्या. डॉक्टरांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी लगेच फोन करून सांगितले की या प्रकारात असे दिसते. कातडीला तिथे जी थोडी इजा झाली तिने झोपलेली मुळे जागी होतात, म्हणजे मुळे जिवंत आहेत. मी धावत जाऊन सासूबाईंना सांगितले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही झुबके निरखले आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे खरवडल्यावरच आले ना? मी एप्रिलपासून काय सांगत होते?" जावळाच्या बाबतीत कातडीच्या वरचा केस कापला तर खालच्या मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही, हे मी त्यांना समजावले. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी फोनवर पुण्याच्या नणंदेला आपलेच म्हणणे खरे ठरल्याचे कळवले. (घरी स्वतः खरवडायला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.)

नोव्हेंबरपासून केस मानेकडून कमरेकडे सरकत आले, आणि आता खरी कसोटी विंचरण्याची होती, कारण आखूड लव आणि लांब होत जाणारे केस एकत्र असतात तेव्हा गुंता सर्वांत लवकर बसतो. वरवर ब्रश फिरवला तर वरून कुत्रा कापसासारखा फुललेला दिसतो आणि खाली घोंगडी तयार होत असते. त्याऐवजी डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे, खाली कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून बारीक तारांच्या ब्रशने खालचे थोडेसेच केस मोकळे करायचे. मग बोटभर वर सरकून पुढची रेघ. दाब किती द्यायचा ते आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला करून पाहावे. ओरखडा उठला तर जास्त झाला. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता गेला पाहिजे. अडला तर ओढायचा नाही, गाठ बोटांनी कापूस पिंजावा तशी पिंजून सोडवायची. कात्री तर गाठीखाली घालूच नये, गाठीबरोबर कातडीही वर उचलली जाते. ब्रश आणि कंगवा मिळून तेराशे पन्नास रुपये पडले. या सगळ्या खर्चात तेवढाच सुरुवातीला केला असता, तर बाकीचा बराच वाचला असता. डिसेंबरअखेर वहीतली बेरीज साडेबारा हजारांच्या वर गेली होती, पेट्रोल सोडून.

थंडीत स्वेटर घातला, पण तो काखेत घासून दोन दिवसांत गाठी पडल्या, म्हणून फक्त पहाटेच्या फिरण्यापुरता ठेवला आणि काढल्यावर लगेच विंचरायचे ठरवले. संक्रांतीपर्यंत चट्टे झाकले गेले. नवे केस अगदी पूर्वीसारखे नाहीत. कमरेवर ते किंचित साईच्या रंगाचे आहेत आणि त्यांना हलकी लाट आहे.

यंदाच्या रंगपंचमीला, १९ मार्च २०२५ रोजी, साबू दिवसभर मागच्या खोलीत होता. फाटकाला आतून कुलूप होते आणि दूध आदल्या रात्रीच घेऊन ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सलूनमधून फोनवर संदेश आला: आपल्या साबूच्या कटिंगला वर्ष होत आले, उन्हाळ्यासाठी वीस टक्के सवलत. मार्च-एप्रिलमध्ये आतली लव झडते, आणि जोरदार हवेच्या ड्रायरने ती मोकळी होऊन निघते. तेवढे काम घरी होत नाही, म्हणून मी रविवारची वेळ घेतली. या वेळी छापील कागद पूर्ण वाचला आणि खाली मोकळ्या जागेत लिहिले: फक्त अंघोळ, ड्रायर, ब्रश आणि नखे, अंगावर कुठेही मशीन लावू नये, गुंता सापडल्यास आधी मला दाखवावा. सलूनमधल्या मुलाने ते दोनदा वाचले आणि विचारले, "तो फिर मॅडम, काटना क्या है?"

"नाखून," मी म्हणाले, आणि टेबलाशेजारची खुर्ची ओढून बसले.